वृत्तीचे गुण

"आज निवेदनात तुम्ही बोला हं, दत्ताराम," असं म्हणून आण्णा पुढे निघून गेले आणि दत्ताराम पेडणेकर खडूचं खोकं छातीशी धरून व्हरांड्यात होता तिथंच उभा राहिला. आण्णा म्हणजे बोरिवलीच्या त्या अध्यापन मंदिराचे आचार्य. जाताना त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता, आणि हात काढल्यावर कापसाचे दोन-चार तंतू त्याच्या सदऱ्याला चिकटून राहिले होते. ते झटकावेत की राहू द्यावेत हे त्याला कळेना. झटकले आणि कुणी पाहिलं तर? त्यानं राहू दिले. वर्गात मुलं टकळ्या घेऊन बसली होती, हजेरी घ्यायची होती. निवेदनात बोला. आजवर कुणाला असं सांगून बोलायला लावलं होतं? दर शुक्रवारी पाच वाजता पत्र्याच्या मांडवात शिक्षक व्हायला आलेली ऐंशी पोरं-पोरी आणि नऊ अध्यापक चटयांवर सूत काढत बसायचे, आणि ज्याचं मन खात असेल तो आपणहून हात वर करून आपली चूक सांगायचा. मग दोन मिनिटं मौन. आपणहून, यातच तर त्याचं सगळं मोठेपण होतं. आण्णा पाहुण्यांना हेच अभिमानानं सांगत, आमच्याकडे कुणी कुणाला विचारत नाही. जवळजवळ दोन वर्षांत सांगून बोलायला लावलेला माणूस दत्तारामला एकच आठवत होता. चंद्रप्रकाश गुप्ते, इतिहास शिकवायचा. तो त्या शुक्रवारी बोलला, आणि पुढच्या महिन्यात वेळापत्रकाच्या फळ्यावर त्याचं नावच नव्हतं. कुणी काढलं नाही त्याला. कुणी बोललंसुद्धा नाही. तो चार दिवस येऊन चटईवर बसून गेला, पाचव्या दिवशी आला नाही. "गुप्त्यांच्या ठायी वृत्ती नव्हती," एवढंच आण्णा म्हणाले, तेही हळहळत.

वृत्ती. या एका शब्दानं त्या जागेत माणसं मरायची. बाकी ठिकाणी साहेब ओरडतो, कागद फेकतो, आईवरून शिव्या देतो. माणूस घरी जाऊन बायकोवर ओरडतो आणि मोकळा होतो. इथं कुणी ओरडायचं नाही. ओरडलं असतं तर बरं झालं असतं. इथं सगळे हळू बोलायचे, हसून बोलायचे, पायातल्या चपला एका रेषेत लावायचे, आणि प्रत्येकाच्या पोटात कायम एक मूठ आवळलेली असायची. प्रशिक्षणाला आलेल्यांना वृत्तीचे शंभर गुण असत. चाळीसला पास. भाषेत, गणितात पहिला आला तरी वृत्तीत चाळीस नसले की प्रमाणपत्र नाही. आणि वृत्ती कशात मोजायची, सुताच्या लांबीत की संडास साफ करताना तोंड किती प्रसन्न ठेवलं यात, हे कुठल्याच कागदावर लिहिलेलं नव्हतं. अध्यापकांना तर गुणही नव्हते. दत्तारामची उमेदवारीची दोन वर्षं या महिनाअखेर पुरी होत होती. मग एकतर कायम, नाहीतर घरी. त्याआधी कुर्ल्याच्या एका खासगी शाळेनं त्याला वर्षाअखेर नारळ दिला होता. आता इथूनही गेला तर दोनदा काढलेला मास्तर म्हणून तिसऱ्या दारात त्याला कोण उभं करणार होतं? स्टेशनच्या पूर्वेला एक खोली, खोलीत सातवा महिना लागलेली सुलक्षणा. वेंगुर्ल्याला म्हातारे वडील, जे चारचौघांत सांगत सुटले होते की दत्तू मास्तरांचा मास्तर झाला.

काय केलं मी? त्यानं हजेरी घेता घेता आठवड्याचे दिवस चाचपायला सुरुवात केली. सोमवारी प्रार्थनेला दोन मिनिटं उशीर. नव्हे, तेव्हा आण्णांचे डोळे मिटलेले होते. पण मिटलेले डोळे म्हणजे न पाहणारे डोळे असं कुणी सांगितलं? मंगळवारी विद्याधरच्या एका विनोदावर तो हसला होता. विनोद आण्णांच्या चष्म्यावर होता. बुधवार. बुधवारपाशी येताच "गैरहजर कोण?" हे त्यानं दोनदा विचारलं.

बुधवारी ल्युसी मिस्किटाचा पाठ होता. ल्युसी गोराईची, तिथल्या ख्रिस्ती कोळ्याची पोरगी. अंगानं चिवट, बोलायला फटकळ, सगळे अध्यापकांना गुरुजी म्हणत तरी ही दहादा सांगूनही सर म्हणायची. संस्थेला जोडलेल्या शाळेत चौथीच्या वर्गावर तिला भरती-ओहोटी शिकवायची होती. आता मूलोद्योगाचा, म्हणजे हातकामातून शिकवण्याचा, नियम असा की जे शिकवायचं ते टकळीतून शिकवायचं. त्याला समवाय म्हणत. टकळी फिरते, तशी पृथ्वी फिरते, पृथ्वी फिरते म्हणून समुद्र वरखाली होतो, असं टाचण दत्तारामनंच तिला करून दिलं होतं. करून देताना त्याला स्वतःची लाज वाटली नव्हती, सवय झाली होती. टकळीवरून त्यानं अशोकाचं राज्य शिकवलं होतं, टकळीवरून देवीची लस शिकवली होती. ल्युसी वर्गात गेली, टकळी तिनं टेबलावर ठेवली आणि पोरांना विचारलं, "तुझ्या बापाशीची होडी काल किती वाजता सुटली रे? आणि परवा?" वझिऱ्याची, एक्सरची, खाडीकाठची पोरं ती. एरवी समवाय ऐकताना जांभया देणारी. ती एकदम उठून बसली. एक म्हणालं, परवा उजाडताना, काल सूर्य वर आल्यावर. दुसरं म्हणालं, आमची त्याच्याही नंतर, आमचा बाप आळशी आहे. वर्ग हसला. ल्युसीही हसली. मग तिनं फळ्यावर एकेका दिवसाची वेळ मांडायला लावली आणि पोरांनीच ओरडून सांगितलं की पाणी रोज पाऊण-एक तास पुढं सरतं. का सरतं? आणि त्या "का"पाशी वर्ग असा गप्प झाला की मागच्या बाकावर बसलेल्या दत्तारामच्या अंगावर काटा आला. सात वर्षं मास्तरकी करून त्यानं अशी शांतता पाहिली नव्हती. त्याच भरात त्यानं निरीक्षण वहीत शेरा लिहिला: "पाठ उत्तम. टकळीची आठवणही झाली नाही."

लिहिताना त्याला किती बरं वाटलं होतं! आता तेच वाक्य त्याच्या डोक्यात पाल चुकचुकावी तसं चुकचुकत होतं. टकळीची आठवणही झाली नाही. कुणाला झाली नाही? मुलांना? ल्युसीला? निरीक्षकाला? निरीक्षकाला झाली नाही म्हणजे मलाच! मी स्वतःच्या हातानं, शाईनं, सही करून लिहून दिलं की मूलोद्योगाशिवाय पाठ उत्तम होतो. आणि वह्यांचा गठ्ठा गुरुवारी सकाळी आण्णांच्या खोलीत गेला. आज शुक्रवार.

मधल्या सुटीत विद्याधर नळापाशी भेटला. हा विणकाम शिकवायचा, आणि त्या संस्थेत मोठ्यानं हसणारा तो एकटाच होता. "काय रे दत्तू, तोंड का असं? बायको माहेरी पाठवलीस काय?"

"आण्णा म्हणाले, आज मी बोलायचं."

विद्याधर ओंजळीतलं पाणी प्यायचा थांबला. "निवेदनात?"

"हं."

"वाट लागली म्हण की!" म्हणून तो हसला, पण मग त्यानं आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. "काय केलंयस? नाही, मला सांगू नकोस यार. मला माहीत नसलेलं बरं. उद्या मला विचारलं तर मला खोटं बोलता येत नाही." ओले हात धोतराला पुसत तो घाईनं निघून गेला. जाताना त्यानं नळ नीट बंद केला, एरवी कधी न करणाऱ्या माणसानं.

वही परत मिळाली तर? हा विचार आला तेव्हा तो आधीच आण्णांच्या खोलीच्या दारात उभा होता. खोलीत कुणी नव्हतं. बैठ्या मेजावर निरीक्षण वह्यांचा गठ्ठा होता, सुतळीनं बांधलेला. वरून तिसरी, तांबड्या कागदाचं कव्हर घातलेली वही ल्युसीची. सुतळीची गाठ त्यानंच बुधवारी संध्याकाळी मारली होती, दोन पेडांची. ती तशीच दिसत होती. पण आण्णा काय, वाचून झाल्यावर तशीच गाठ मारतील. दुसऱ्याची वस्तू होती तशी ठेवावी हा त्यांचा नियमच होता. त्याचा हात गाठीपर्यंत गेला.

"काय व्हया, गुरुजी?"

मागे लवू शिपाई उभा, हातात केरसुणी. "काही नाही," दत्ताराम म्हणाला. "घड्याळ पाहायला आलो."

लवूनं भिंतीकडे पाहिलं. त्या खोलीत घड्याळ नव्हतं. तो काही बोलला नाही, केर काढू लागला. न बोलणारी माणसं त्या दिवशी दत्तारामला सगळ्यांत भयंकर वाटत होती.

दुपारी तो जेवायला घरी गेला आणि न जेवता बसला. सुलक्षणानं आमटी वाढता वाढता सगळं काढून घेतलं. "अहो, मग सरळ विचारून या ना त्यांना! कशाबद्दल बोलू म्हणून."

"विचारलं म्हणजे माझ्या मनात काहीतरी आहे हे कळेल."

"मनात काहीतरी तुमच्या कधी नसतं?" ती हसली, आणि त्याचा चेहरा पाहून थांबली. "त्या पोरीचा पाठ चांगला झाला होता ना? मग झालं तर. तुम्ही खोटं कुठं लिहिलंत?"

तिला काय सांगणार? जिथं सत्याची रोज सकाळी शपथ घेतात तिथं खरं लिहिलेलं वाक्यच माणसाला बुडवतं, हे सांगायला तोंड उघडावं तर ती म्हणाली असती, मग सोडा ती जागा. सोडा! तिच्या पोटाकडे पाहून त्यानं भात कालवला. लहानपणी वेंगुर्ल्याच्या शाळेत एकदा दिपोटी साहेब तपासणीला यायच्या आदल्या दिवशी कुणीतरी हजेरीपटावर दौत सांडली होती. गुरुजींनी छडी मेजावर ठेवून विचारलं होतं, कुणी केलं? आणि मग ते नुसते गप्प बसले होते. नऊ वर्षांच्या दत्तूनं ती दौत पाहिलीही नव्हती. पण ती शांतता वाढत चालली, कौलांतून उतरणाऱ्या उन्हाचा एक चौकोन त्याच्या पाटीवर येऊन बसला, आणि त्याला वाटू लागलं की सगळे आपल्याकडेच पाहताहेत, गुरुजींना माहीत आहे, देवाला माहीत आहे. तो उठून म्हणाला, मी. आठ छड्या बसल्या. तळहात सुजले, पण घरी जाताना अंग कसं पिसासारखं झालं होतं! सांडणारा कोण ते कधीच कळलं नाही, आणि त्यालाही जाणून घ्यावंसं वाटलं नाही. पुढे आयुष्यात कितीतरी वेळा, कुणी गप्प बसून पाहू लागलं की त्याची जीभ तशीच पुढे धावायची. कुर्ल्यालाही असंच झालं होतं. हेडमास्तरांनी फक्त म्हटलं होतं, "पेडणेकर, बसा," आणि यानं बसायच्या आत आपल्या चार चुका सांगून टाकल्या होत्या.

पाच वाजता मांडवात सगळे जमले. पत्रा दिवसभर तापलेला, खाली नव्वद टकळ्यांची बारीक भुणभुण. आण्णा समोर मांडी घालून बसले होते, डोळे अर्धे मिटलेले, हातातून अखंड धागा निघतोय. बायकांच्या बाजूला दुसऱ्या रांगेत ल्युसी. तिचा धागा नेहमीसारखा जाडाभरडा, पण तुटत नव्हता. दत्तारामचा चारदा तुटला. आण्णांनी त्याच्याकडे पाहून मान हलवली. बोला. दुसरं काही नाही, फक्त मान. आणि नव्वद टकळ्या एकेक करून थांबल्या.

तो उभा राहिला. काय बोलावं हे त्यानं ठरवलं नव्हतं. ठरवलं होतं ते असं की गोलगोल बोलायचं, कामातला आळस वगैरे. पण ती शांतता आली. "माझ्या हातून," तो म्हणाला, "बुधवारी एक अपराध घडला." आणि मग जीभ धावत सुटली. ल्युसी मिस्किटा यांच्या पाठात समवाय नव्हता. टकळी टेबलावर पडून होती. मुलं हसत होती, आपल्या बापाला आळशी म्हणत होती. मी ते थांबवलं नाही. उलट मोहात पडून उत्तम असा शेरा दिला. तो शेरा खोटा आहे. पाठ वरवरचा होता, टाळ्या घेणारा होता. मी त्यांना वेळीच सांगायला हवं होतं की त्यांची वृत्ती या मार्गाची नाही. हे शेवटचं वाक्य तोंडातून निघालं तेव्हा त्याचं त्यालाच आश्चर्य वाटलं, इतकं ते सहज, गुळगुळीत आलं. जणू दोन वर्षं तोंडात विरघळत ठेवलेली गोळी आज घशाखाली उतरली. अंग हलकं झालं. होय, त्याही क्षणी झालं. तो खाली बसला.

आण्णांनी चष्मा काढून पुसला. "दत्ताराम, मी तर अजून वह्या उघडल्याही नाहीत," ते म्हणाले. "मागच्या आठवड्यात तुमच्या तुकडीनं विहिरीचा गाळ काढला, ते काम फार सुंदर झालं. त्याबद्दल तुम्ही चार शब्द बोलावेत असं माझ्या मनात होतं." कुणीतरी खोकलं. आण्णांचा आवाज भरून आला होता, आणि सगळ्यांत भयंकर म्हणजे तो खरोखर भरून आला होता. त्या माणसात ढोंग औषधाला नव्हतं. "पण पाहा कसं असतं. गुप्त्यांनाही मी त्या दिवशी ग्रंथालयाबद्दल बोलायला सांगितलं होतं. ते भलतंच बोलून गेले. माणसं इथं येऊन आपणहून उघडी होतात. मी काही करत नाही. तुमच्या ठायी वृत्ती आहे, दत्ताराम. माझ्या मनात थोडा संशय होता, तो आज गेला."

म्हणजे कायम. ऐकलेल्या शब्दांचा अर्थ तोच होता. दत्तारामनं तो अर्थ दोन्ही हातांनी धरून ठेवायचा प्रयत्न केला, पण मानेवरून घामाचा एक ओघळ पाठीत उतरत होता आणि त्याचं सगळं लक्ष त्या ओघळाकडे गेलं. वही बंद होती. गाठ सुटलेलीच नव्हती. आपण ती आपल्या डोळ्यांनी पाहिली होती.

"ल्युसीताई," आण्णा मृदूपणे म्हणाले, "तुम्हांला काही सांगायचं आहे? सक्ती नाही."

ल्युसी उठली. मांडीवरचा कापूस तिनं झटकला. "नाही, सर. मी शनिवारी सांगते. आमच्या देवळात."

"देवळात वेगळं आणि इथं वेगळं असं का असावं?"

"तिकडे मधे जाळी असते, सर. पाद्री तोंड बघत नाही, आणि ऐकलेलं कुणाला सांगत नाही." तिनं दत्तारामकडे पाहिलंसुद्धा नाही. "आणि तिकडे फक्त आपलंच पाप सांगायचं असतं. दुसऱ्याचं सांगायला लागलं की पाद्री म्हणतो, त्याला येऊ दे, त्याचं तो सांगेल."

पुरुषांच्या बाजूला कुणीतरी हसलं आणि लगेच घशात गिळलं. विद्याधर असावा. दत्तारामला वाटलं, आता आण्णा उठतील, निदान आता तरी आवाज चढवतील. आण्णांनी डोळे मिटले. "मौन," ते म्हणाले. दोन मिनिटं नव्वद माणसं श्वास घेत बसली. ल्युसी बसली नाही. ती उभीच राहिली, हात खाली सोडून, समोरच्या ताडांकडे पाहत, जशी माणसं धक्क्यावर होडीची वाट बघत उभी राहतात. त्या दोन मिनिटांत दत्तारामनं एकदाही मान वर केली नाही. चटईच्या विणीत एक काडी उलटी गेली होती, तीच तो पाहत बसला.

साडेसहाच्या सुमाराला, सगळे पांगल्यावर, लवू त्याच्याकडे एक कागद घेऊन आला. ल्युसीचं वर्षाचं गुणपत्रक. भाषा, गणित, पाठ, सूत, सगळे रकाने भरलेले, वृत्तीचा एकच रिकामा. वर आण्णांच्या स्वच्छ वळणदार अक्षरात चिठ्ठी: "वृत्तीचे गुण या खेपेस तुम्ही द्यावेत. तुमच्या विवेकाला योग्य वाटतील तेवढे." वर्गात आता उजेड पिवळा झाला होता आणि बाकांच्या सावल्या लांबल्या होत्या. दत्तारामनं टाक उचलला. विवेकाला योग्य. म्हणजे किती? चाळीस दिले तर? तर आण्णा म्हणतील, मांडवात एक बोललात, कागदावर दुसरं. पंचेचाळीस दिले तर संध्याकाळचं सगळं निवेदन खोटं ठरतं. आणि कमी दिले तर? तर कदाचित ते म्हणतील, दत्ताराम, तुमच्या मनात करुणा नाही. ही परीक्षा तिची आहे की माझी? चिठ्ठीतल्या "तुम्ही द्यावेत" खाली रेघ होती का? त्यानं कागद खिडकीशी नेऊन पाहिला. रेघ नव्हती. पण नसलेल्या रेघेलाही काही अर्थ असेल. त्याला तो बुधवारचा वर्ग आठवला, "का सरतं?" म्हटल्यावर चाळीस पोरांचे वर झालेले चेहरे, आणि तो त्या चेहऱ्यांना मनातल्या मनात हातानं बाजूला सारू लागला, जसं कुणी माश्या हाकलतं. ती पोरगी हुशार आहे, पुढच्या वर्षी पुन्हा बसेल. ती गोराईला जाईल, तिथं मिशनची शाळा असेल, तिला काय, तिची माणसं आहेत. माझं कोण आहे?

त्यानं अडतीस लिहिले. दोन कमी. फार कमी नाही, म्हणजे क्रूर म्हणता येणार नाही. पास नाही, म्हणजे दुबळा म्हणता येणार नाही. सही केली. सहीचा शेवटचा फराटा त्यानं पुन्हा गिरवला, मग गिरवलेलं दिसतंय म्हणून टिपकागद दाबला.

लवू दारातच होता. त्यानं कागद घेतला, नीट घडी घातली आणि चालू लागला.

"लवू!"

तो वळला.

"आण्णा... काही म्हणाले का?"

"कशाबद्दल?"

"नाही, असंच. कागद देताना. काही म्हणाले का?"

लवूनं डोकं खाजवलं आणि खरंच आठवून पाहिलं. "नाय, गुरुजी. कायच नाय म्हणाले," तो म्हणाला, आणि दत्तारामच्या चेहऱ्याकडे पाहून एक पाऊल मागं सरला. "काय झाला, गुरुजी? बसा बघू. मी पाणी घेवन येतंय."